ताई पुढे बसलीये

मला समुद्राची आवड वगैरे काही नाही. मी पाण्याखाली श्वास घ्यायला शिकले ते एवढ्याचसाठी, की माझ्या नवऱ्याची जोडीदार माझी धाकटी बहीण होऊ नये.

स्कूबा डायव्हिंगमध्ये एकट्याने पाण्यात उतरत नाहीत. जोड्या लावतात. जोडीदाराला 'बडी' म्हणायचं. बडीने बडीला नजरेआड होऊ द्यायचं नाही, त्याच्या सिलिंडरमध्ये किती हवा उरलीय ते खुणेने विचारत राहायचं, आणि स्वतःची संपली तर त्याच्या सिलिंडरला लावलेल्या जादा नळीतून श्वास घ्यायचा. हे सगळं नवऱ्याने मला एका रविवारी चहा पिता पिता समजावलं आणि शेवटी म्हणाला, "माझी बडी कोण, ओळख." ओळखायचं काय त्यात. बाईसाहेब समोरच बसून चहात खारी बुडवत होत्या.

दोघांनी पनवेलमधल्या एका स्विमिंग टँकवर कोर्स लावला होता. आधी टँकमध्ये शिकायचं, मग कोकणात जाऊन समुद्रात उतरायचं. बहिणीचं म्हणणं असं, की तिने सगळ्यात आधी मला विचारलं होतं, मी 'वेळ नाही' म्हणाले, म्हणून तिने भाऊजींना गळ घातली. असेल. मी कळंबोलीच्या लोखंड बाजारात एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात काम करते. कुठली गाडी कुठे अडकली, कुणाचा माल चढला, कुणाचा खाली राहिला, हे दिवसभर फोनवर ओरडून संध्याकाळी घसा बसतो. त्यात कुणी "ताई, पाण्याखाली येतेस का?" असं विचारलं तर मी काय हो म्हणणार होते? पण मी नाही म्हटलं म्हणून लगेच माझ्या नवऱ्याला घेऊन जायचं, हे कुठल्या शास्त्रात लिहिलंय?

तिच्याबद्दल जरा सांगायला हवं, नाहीतर मीच वाईट ठरेन. ती माझ्याहून बरीच लहान. बँकेत आहे, लग्न केलेलं नाही, आणि खांदा कॉलनीत आमच्या बिल्डिंगपासून हाकेच्या अंतरावर भाड्याने राहते. आमचं माहेर आपट्याचं, पाताळगंगेच्या काठचं, त्यामुळे पोहता दोघींनाही येतं. पण मी पोहते तेव्हा लोक बाजूला होतात, आणि ती पोहते तेव्हा लोक बघत उभे राहतात. ती केस कसेही बांधते आणि ते बरे दिसतात. तिच्या हातून दूध उतू गेलं तरी घरात हसू पिकतं. मी एखादा किस्सा सांगितला की नवरा 'हं' म्हणतो, आणि तोच किस्सा चार दिवसांनी तिने सांगितला की त्याला ठसका लागेपर्यंत हसायला येतं. माझा मुलगा परीक्षेचा निकाल आधी मावशीला कळवतो. त्या दोघांत तसलं काही होतं असं माझं म्हणणं नाही, कधीच नव्हतं. तसलं काही असतं तर एका परीने सोपं गेलं असतं. निदान चारचौघांत तोंड उघडता आलं असतं.

तर पुढच्या आठवड्यात मीही टँकवर हजर झाले. इन्स्ट्रक्टरला सांगितलं की मला माझ्या मिस्टरांचीच बडी व्हायचंय. बहीण लगेच म्हणाली, "हो हो, ताईच बरी." तिचं हे चटकन सोडून देणंही मला सहन होत नाही. भांडली असती तर जिंकल्यासारखं वाटलं असतं.

समुद्रात जायच्या आधी तिला सायनसचा त्रास सुरू झाला. डॉक्टरांनी खोल पाण्यात उतरायला सक्त मनाई केली. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. पण ती घरी बसली असती तर ती माझी बहीण कसली. "मी वरूनच बघेन, स्नॉर्कलची नळी तोंडात धरून बोटीच्या आजूबाजूला पोहेन," म्हणत ती बॅग भरून तयार. आम्ही तिघं दक्षिण कोकणातल्या एका किनाऱ्यावर गेलो. मुलाची परीक्षा होती, तो आजीकडे आपट्याला राहिला.

त्या दिवशी सकाळी नाश्त्याला घावणे होते. घावणा तोडत नवरा तिला म्हणाला, "तू वाईट वाटून घेऊ नको. तुझ्यासाठी खालचं सगळं शूट करून आणतो." पाण्यात चालणारा कॅमेरा त्याने खास घेतला होता. मी समोर बसले होते. मी एवढं शिकून, एवढं अवजड सिलिंडर पाठीला लावून त्याच्याबरोबर खाली जाणार, आणि हा माणूस खाली जाऊन वर राहिलेलीसाठी शूटिंग करणार. मी बोलायची बंद झाले.

आता माझ्या रुसण्याचे नियम सांगते, कारण पुढे वकिलांनाही ते सांगावे लागले. मी रुसले की कुठेतरी आडबाजूला जाऊन बसते. कुणी बोलवायला यायचं नाही, काय झालं म्हणून विचारायचं नाही, चहासुद्धा आणायचा नाही. राग उतरला की मीच उठून येते. आईने लहानपणीच हे घरात लावून दिलं होतं. "ती रुसली का तिच्या वाटंला जायाचा नाय. आपोआप येल." नवऱ्याला लग्नानंतर ही शिकवण मिळाली ती माझ्या बहिणीकडून. इतकी वर्षं हा नियम सगळ्यांनी पाळला, आणि कुणाचं काही बिघडलं नाही.

बोट म्हणजे मच्छीमारीचीच जुनी बोट, पर्यटकांसाठी रंगवलेली. मध्ये इंजिनाची केबिन, मागच्या बाजूला बाकडी आणि सिलिंडर, पुढच्या टोकाला दोरखंडांचा ढीग. केबिनमुळे मागून पुढचं काही दिसत नाही. मी जाताना त्या ढिगावर जाऊन बसले. मागून दोघांच्या हसण्याचा आवाज येत होता. कशावर हसत होते देव जाणे.

पाण्याखाली गेल्यावर नवऱ्याने कॅमेरा डोळ्यांपासून काढला नाही. एक कासव माझ्या अगदी हाताजवळून गेलं. मी त्याला खूण केली, त्याने कासवाचं शूटिंग केलं आणि माझ्याकडे न बघता अंगठा-बोटाचा गोल करून 'ओके' दाखवलं. तो ओकेसुद्धा कॅमेऱ्यासाठीच होता. इतका नाचल्यावर त्याची हवा लवकर संपत आली. इन्स्ट्रक्टरने आम्हाला खूण केली, तुम्ही दोघं वर जा, मी बाकीच्यांना घेऊन येतो. वर येताना पृष्ठभागाच्या थोडं खाली थांबायचं असतं, अंगात साठलेला वायू निघून जावा म्हणून. नवऱ्याला घाई होती, तो पटकन वर गेला. मी नियमाप्रमाणे थांबले. शिस्त म्हणा, की त्याच्या मागे मागे जायचं नव्हतं म्हणा. तेवढ्यात पाण्याच्या ओढीने मला कुठल्या कुठे नेलं.

डोकं वर काढलं तर बोट लांब गेलेली. लाटेवर चढले की दिसायची, उतरले की नाहीशी व्हायची. बाकीची मंडळी वर चढताना दिसली. मी जॅकेटमध्ये हवा भरली, हात हलवले, शिटी वाजवली. शिटी वाजवली आणि तिकडे इंजिन सुरू झालं. मग एका लाटेवरून मला बोटीचा मागचा भाग स्वच्छ दिसला. बाकड्यावर दोन डोकी शेजारी शेजारी, कॅमेऱ्यावर वाकलेली. एक माझ्या नवऱ्याचं. दुसऱ्या डोक्याखाली खांद्यावर माझा पिवळा टॉवेल होता. बोट वळली आणि किनाऱ्याकडे निघाली.

लोक मला विचारतात, तेव्हा मनात काय आलं. देव आठवला का, मुलगा आठवला का. मुलगा आठवला, पण कसा, ते मी आजपर्यंत कुणाला सांगितलं नव्हतं. मला माझ्या फोटोला घातलेला हार दिसला. फोटो जरा तिरका झालाय आणि माझी बहीण पांढऱ्या साडीत तो सरळ करतेय, आणि तिला पांढरं काय सुंदर दिसतं. मग आपट्याच्या ओटीवर जमलेल्या बायका दिसल्या. एक म्हणतेय, पोराला मावशी म्हणजे आईच की. दुसरी म्हणतेय, घरातल्या घरात झालेलं बरं, बाहेरची कशाला आणायची. आमच्याकडे असं होतं, मी दोन घरं पाहिली आहेत. वर्षश्राद्ध झालं की सगळे मिळून हलकेच विषय काढतात. माझा नवरा आधी नाही म्हणेल, आणि मग घशाला ठसका लागेपर्यंत हसेल. मला इतका संताप आला की मी शिटी फुंकायची थांबवलीच नाही. आजही मला वाटतं, त्या संतापाने मला भानावर ठेवलं. नुसती घाबरले असते तर पाणी नाकातोंडात जाऊन संपले असते.

ऊन कलायला लागलं होतं तेव्हा इंजिनाचा आवाज परत आला. बोटीच्या अगदी टोकावर, मी सकाळी बसले होते त्याच दोरखंडांवर, माझी बहीण उभी होती आणि हात लांब करून माझ्याकडे दाखवत ओरडत होती. बोट थांबायच्या आधी तिने उडी मारली. सायनस, डॉक्टर, काही नाही. पाणी कापत आली आणि माझ्या जॅकेटला घट्ट धरून रडायला लागली. नवरा तिच्या मागून पोहत येत होता, पण तो मागून. पहिला हात तिचा.

झालं होतं ते असं. बोट निघाल्यावर बऱ्याच वेळाने बहिणीला राहवलं नाही. घरचा नियम मोडून ती माझ्यासाठी आल्याचा चहा घेऊन पुढे गेली, आणि तिथे नुसते दोरखंड होते. तिने बोट मागे फिरवायला लावली. म्हणजे मी वाचले ती तिच्यामुळे. सगळं तिने घेतलंच होतं, आता माझा जीव वाचवल्याचं श्रेयही तिच्याच खात्यावर.

आपट्याला गेलो तेव्हा आईने दारातच मीठमोहऱ्या उतरवल्या. कुणावरून? आधी तिच्यावरून. "माज्या पोरीनं बहिणीला वडून आनली," असं शेजारणींना सांगत होती. ती पोर म्हणजे धाकटी. ओढून आणलेली बहीण म्हणजे मी, बाजूला चपला काढत उभी. उरलेल्या मिरच्या माझ्यावरून फिरवल्या. मुलाने मावशीला मिठी मारली, मग मला. ऑफिसात, बिल्डिंगमध्ये, लग्नकार्यात, जिथे जाईन तिथे हीच गोष्ट, आणि गोष्टीत मी फक्त तरंगत असायचे.

बोट सोडण्याआधी माणसं मोजली होती आणि कुणीतरी मी असल्याचं सांगितलं होतं, एवढं माझ्या कानावर आलं होतं. मला एकच गोष्ट हवी होती. बोट सुटताना माझ्या वतीने 'आहे' असं कुणी सांगितलं, ते मला कळायला हवं होतं. मी जिवंत असताना माझ्या जागी कुणीतरी उत्तर दिलं होतं आणि ते धरलं गेलं होतं. ज्याने ते दिलं त्याने ते माझ्या तोंडावर सांगावं, यापलीकडे मला काही नको होतं.

नवरा म्हणाला, "मीच म्हणालो. इन्स्ट्रक्टरने मोजलं, एक कमी भरत होतं. मी म्हटलं, ती पुढे बसलीये. मला वाटलं, तू बाकीच्यांबरोबर चढलीस आणि सकाळसारखी रुसून पुढे गेलीस." आणि मान खाली घातली. त्यानंतर मी त्याला सुखाने जेवू दिलं नाही. भात वाढताना विचारायचे, "आहे ना रे मी? की पुढे बसलीये?" तो गपगुमान जेवायचा.

शेवटी मी पनवेलच्या कोर्टाजवळ बसणाऱ्या एका वकीलबाईंना गाठलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"पाण्यात उतरण्याआधी सही केली असेल ना? स्वतःच्या जबाबदारीवर उतरते म्हणून?"

"केली. सगळेच करतात. वाचत कुणी नाही."

"वाचलं असतंत तरी बिघडत नव्हतं," त्या म्हणाल्या. "लाट येईल, कान दुखेल, जेलीफिश डसेल, हा समुद्राचा धोका तुम्ही पत्करलात. तुम्हाला न घेताच बोट निघून जाईल, हा धोका तुम्ही पत्करलेला नाही. तो बोटवाल्याचा निष्काळजीपणा. असल्या सहीच्या आड त्याला लपता येत नाही. ज्याने नेलं, त्याने परत आणायचं. आणि मला सांगा, माणूस राहू दे, तुमचं सिलिंडर परत आलं नाही हेही कुणाला दिसलं नाही?"

मला त्या एकदम आवडल्या. कळंबोलीत आमचंही हेच असतं. माल एकदा गाडीत चढला की उतरेपर्यंत गाडीवाल्याचा, मग रस्त्यात काहीही होवो. सळ्यांचं एक बंडल कमी भरलं तर आम्ही आकाशपाताळ एक करतो, आणि इथे अख्खी बाई कमी भरली होती.

"पण बोटवाले एक विचारणार," वकीलबाई पुढे म्हणाल्या. "एक कमी आहे असं म्हटल्यावर 'आहे' असं सांगितलं कुणी? मिस्टर म्हणतात, मी सांगितलं. आणि मिस्टर तुमचे बडी. म्हणजे ते म्हणणार, बडीचा शब्द आम्ही कसा मोडायचा? जबाबदारी त्यांच्याही गळ्यात घाला म्हणतील. उलट तपासात त्यांनाच विचारतील, बायको वर आली की नाही हे न बघता तुम्ही काय करत होतात?"

"ते मलाही ऐकायचंय," मी म्हणाले.

वकीलबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "आपल्याला दावा कंपनीवर लावायचाय की मिस्टरांवर, ते आधी ठरवून या."

मी ठरवलं नाही. मला दोन्ही लावायचे होते. त्याने पिंजऱ्यात उभं राहून, शपथ घेऊन, भर कोर्टात सांगावं, की मी माझ्या मेहुणीला कासव दाखवत होतो. या एका वाक्यासाठी मी वर्षभर तारखांना जायला तयार होते. नोटीस गेली. उत्तर अगदी वकीलबाई म्हणाल्या तसंच आलं, बडीवर ढकललेलं. मग कंपनीच्या मालकाचा फोन आला, की मुंबईला येतोय, वाटेत पनवेलला थांबतो, समोरासमोर बसून मिटवू.

वकीलबाईंच्या ऑफिसात आम्ही बसलो. मालक चांगला शिकलेला, मऊ बोलणारा, घड्याळ सारखं सावरणारा. त्याच्याबरोबर तो इन्स्ट्रक्टर. इकडे मी आणि नवरा. आणि बँकेतून सुट्टी टाकून, न बोलावता, माझी बहीण. मी तिला म्हटलंही, "तुझं काय काम?" तर म्हणाली, "असू दे, मागे बसते." पाण्यात नाही, निदान भांडणात तरी ही मागे बसेल असं मला वाटलं.

मालक म्हणाला, "मॅडम, झालं ते वाईटच झालं. पण आम्ही मोजलं होतं. एक कमी आहे हे आमच्या माणसाने बोलून दाखवलं. साहेबांनी सांगितलं, आहेत. साहेब स्वतः कबूल करतायत. आता नवऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवायचा नाही, तर कुणाच्या?"

नवरा म्हणाला, "हो. मीच सांगितलं."

इन्स्ट्रक्टर जमिनीकडे बघत होता. वकीलबाई काही बोलणार, एवढ्यात मागून आवाज आला.

"भाऊजी, पुरे झालं."

बहीण उभी राहिली होती. "मी सांगितलं," ती म्हणाली. "इन्स्ट्रक्टरनी विचारलं तेव्हा भाऊजी कॅमेऱ्यात डोकं घालून बसले होते, त्यांना ऐकूही गेलं नाही. मी म्हणाले, ताई पुढे बसलीये. रुसलीये. तिला राहू द्या. तिच्या जागी मी बोलले." मग इन्स्ट्रक्टरकडे वळून म्हणाली, "तुम्हाला आठवतंय ना?"

त्याने मालकाकडे बघितलं आणि मान डोलावली.

वकीलबाई खुर्चीत सरसावून बसल्या. "म्हणजे पाण्यात न उतरलेल्या, तुमच्या यादीतही नसलेल्या पाहुणीच्या शब्दावर तुम्ही बोट सोडलीत. एक माणूस कमी असताना. केबिनच्या पलीकडे जाऊन बघितलंही नाहीत. आणि नंतर बडीचा शब्द म्हणून उत्तर पाठवलंत." मालकाचा मऊपणा तिथेच संपला. बडी वगैरे शब्द पुन्हा त्याच्या तोंडून आला नाही. तो चहा मागवू का म्हणाला, आणि वकीलबाई म्हणाल्या, चहा नंतर, आधी लिहून द्या.

मला जे हवं होतं ते मला मिळालं होतं. तोंडावर, सगळ्यांच्या देखत. आणि मला आनंद झाला का? मला फक्त एवढंच दिसत होतं, की माझा नवरा तिच्यासाठी खोटं बोलला. एकदा नाही, कित्येक महिने. मी त्याला रोज ताटावर टोचलं आणि त्याने तिच्या वाटणीचं टोचून घेतलं.

आम्ही घरी आलो. दार लावल्यावर विचारलं, "माझ्यासाठी कधी बोललायस इतकं खोटं?"

त्याने बुटांच्या नाड्या सोडल्या. मग म्हणाला, "माझ्याशी तू भांडतेस आणि संध्याकाळी विचारतेस, भाजी काय करू. तिच्याशी भांडली असतीस तर विचारलं असतंस का? तुम्ही दोघी आईंकडे वेगवेगळ्या दिवशी जायला लागला असतात. तिनं त्या दिवशी बोटीवरच मला सांगितलं होतं. ती तुला सांगायलाच निघाली होती, मीच अडवली."

"तू कोण अडवणारा?"

"बडी," तो म्हणाला.

मला हसू आलं नाही. तो म्हणत होता ते खरं होतं, म्हणून उलट जास्तच राग आला. मला इतकं ओळखणारा माणूस पाण्याखाली माझ्याकडे ढुंकून बघत नाही, याचा हिशोब मला अजून लागलेला नाही. मी स्वयंपाकघरात गेले, आणि थोड्या वेळाने तिथून ओरडून विचारलं, भाजी काय करू. स्वतःच्याच आवाजाची चीड आली.

कंपनीने चूक कबूल केली, भरपाई दिली, आणि माझ्या हट्टाने एक अट लिहून दिली. बोट सुटण्याआधी प्रत्येकाचं नाव घ्यायचं आणि ज्याचं त्याने उत्तर द्यायचं. दुसऱ्याने दिलेलं उत्तर धरायचं नाही, मग तो नवरा असो, बहीण असो की सख्खी आई. वकीलबाई म्हणाल्या, असली अट मी पहिल्यांदाच बघतेय. बहिणीशी मी बोलत होते, पण कामापुरतं.

थंडीत आपट्याला आईकडे पोपटी लावली. मडक्यात वालाच्या शेंगा, बटाटे, कोंबडी, अंडी भरून, वर भांबुर्डीचा पाला कोंबून, आगीत भाजायचं. दिवस मावळायच्या आत मडकं उघडलं, सगळे गोल करून बसले. वाफेत हात घालून नवऱ्याने पहिलं अंडं काढलं, हाय हाय करत या हातातून त्या हातात नाचवलं आणि टाकलं कुणाच्या पानावर? मी पान तसंच ठेवून उठले आणि घरामागच्या नदीच्या पायऱ्यांवर जाऊन बसले.

जेवणं उरकली. पनवेलला परतायची तयारी सुरू झाली. गाड्यांची दारं उघडल्याचे आवाज येत होते. मी उठले नाही. मला ऐकायचं होतं.

"ताई कुठाय?" कुणीतरी विचारलं.

"गेली आसंल रुसून," आईचा आवाज. "कोनी जाऊ नका. येल आपोआप."

"गाडीत बसली असेल ना?" माझा मुलगा.

नंतर पालापाचोळ्यावरून धावत येणारी पावलं. मी मागे वळून बघितलं नाही. मला ती पावलं नवऱ्याची हवी होती, आणि ती त्याची नव्हती. तो इतका हलका पळत नाही.

बहीण धापा टाकत माझ्या शेजारच्या पायरीवर बसली. हातात पानात गुंडाळलेलं काहीतरी होतं, ते तिने माझ्या मांडीवर ठेवलं. अंडं होतं, अजून गरम.

"नियम माहीत नाही का तुला?" मी म्हणाले.

"माहितीये. यापुढे पाळणार नाही. तू कितीही रुस, मी येऊन बघणार."

"तुझ्याआधी तो यायला हवा होता."

"येतच होते भाऊजी," ती म्हणाली. "मी त्यांना हात धरून मागे खेचलं आणि पळत सुटले. दर वेळी तू त्यांचीच वाट का बघतेस? टँकवर यायला मी आधी तुला विचारलं होतं ताई. तू नाही म्हणालीस, आणि मग आलीस ती त्यांच्यासाठी."

मी तिच्याकडे बघितलं. केस कसेतरी बांधलेले, नाकाचा शेंडा लाल झालेला. इतकी वर्षं मी तिच्याकडे बघून जळत होते आणि मला हे एकदाही दिसलं नव्हतं, की तीही जळतेय, आणि माझ्यासाठी जळतेय. मागून नवऱ्याची जड पावलं येत होती. मी अंड्याचं टरफल काढलं, अर्धं तिला दिलं, आणि तो पोचायच्या आत उरलेलं खाऊन टाकलं.